वारसनोंद

पुसून टाकणे ही जगातली सर्वांत सोपी गोष्ट, अशी आपली एक समजूत असते. पाटीवरची बाराखडी ओल्या फडक्याने जाते, वहीचे पान टर्रकन फाटते. परंतु संगणकातली एखादी फाइल अशी हट्टी निघते, की दहादा हाकलली तरी उंबऱ्यावर बसून राहते. माझ्या मते हा हट्ट फाइलीचा नव्हेच. हा मालकीहक्काचा प्रश्न आहे, आणि शेतीवाडीच्या घरातल्या माणसाला तो चटकन कळावा.

आमचे अण्णा लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरला राहत. ते गेल्यावर त्यांच्या जुन्या संगणकाची डिस्क मी माझ्या संगणकाला जोडली होती. दिवाळीच्या साफसफाईत तिच्यातला एक फोल्डर पुसायला गेलो, तर पडद्यावर उत्तर आले, "यासाठी अमक्याची परवानगी हवी." अमका म्हणजे कोण? तर 'एस-१-५-२१' असा आरंभ असलेला एक लांबलचक आकडा! विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही. प्रत्येक खात्याला असा आकडा देते आणि फाइलीचा मालक म्हणून तोच लिहून ठेवते. जुन्या संगणकात त्या आकड्यापुढे अण्णांचे नाव होते. नव्याला ते ठाऊक नाही. त्याच्या लेखी मालक अनोळखी. पण मालक तो मालकच. आता गेलेल्या माणसाची परवानगी आणायची कुठून?

सातबाऱ्याचेही असेच. खातेदार वारला म्हणून उताऱ्यावरचे नाव आपोआप जात नाही. तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा, वारसांचा फेरफार घालायचा, मगच पुढचे व्यवहार. संगणकातही क्रम तोच. फाइलीच्या गुणधर्मांत 'सुरक्षा' या भागात जाऊन आधी मालक बदलायचा. हा अधिकार संगणकाच्या प्रशासकाला असतो. मग नव्या मालकाने स्वतःला पूर्ण परवानगी द्यायची, आणि त्यानंतर पुसायचे. मालकी आली म्हणजे परवानगी आलीच असे नव्हे. ही मधली पायरी पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. शिवाय एखाद्या प्रोग्रामने फाइल उघडून धरली असेल, तर मालकी बदलून उपयोग नाही. आधी तो प्रोग्राम बंद करावा लागतो.

१९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्सची रीत आणखी निराळी. तिथे पुसण्यासाठी फाइलीवर लिहिण्याची परवानगी लागत नाही, ती ज्या फोल्डरात राहते त्याची लागते. कारण पुसणे म्हणजे यादीतून नाव खोडणे, आणि यादी फोल्डराची असते.

सातबाऱ्यात आणि संगणकात एक फरक मात्र मोठा. गावात फेरफाराची नोटीस लागते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात. संगणकावर माझी वारसनोंद दोन मिनिटांत मंजूर झाली. कोणाची हरकत आहे का, असे त्याने एका शब्दाने विचारले नाही. तेव्हा ती नोटीस मीच काढली. फाइलींची यादी ताईला पाठवली, आईला फोनवर वाचून दाखवली.

ताईची हरकत नव्हती. नवव्या दिवशी आईचा फोन आला. "त्यातली ती 'पाऊस' ठेव बाबा."

उघडून पाहिली. मृग कोरडा, आर्द्रात दोन रात्री, अंगणातल्या डब्यात चार बोटे पाणी. वर्षानुवर्षांच्या अशा नोंदी. आईला संगणक येत नाही. पण अण्णांची झोप गाढ. रात्री पाऊस केव्हा लागला आणि केव्हा उघडला, हे ते सकाळी तिलाच विचारीत आणि मग लिहीत.

सातबाऱ्यावर सामायिक खातेदार असतात, चार नावे शेजारी शेजारी नांदतात. विंडोजमध्ये फाइलीच्या मालकाच्या रकान्यात एकच नाव मावते. तिथे अण्णा होते, आता मी आहे. आईचे नाव कधीच नव्हते.

सोळाव्या दिवशी बाकीचे सारे पुसले. 'पाऊस' ठेवली आहे. तिच्यावर आता फक्त वाचण्याची परवानगी आहे. लिहिण्याची मी माझीसुद्धा काढून घेतली.