सापळा कसा शोधायचा

अंधाऱ्या बोळाच्या टोकाला एक लाकडी दार आहे. त्याला सापळा असेल किंवा नसेल. तो शोधायचा कसा?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या पन्नास वर्षांत या साध्या प्रश्नाची निदान चार उत्तरं झाली. १९७४ सालच्या पहिल्या पुस्तिकांत, सामानाच्या यादीत दहा फुटी काठी होती. खेळाडू म्हणायचा, “काठीने फरशी ठोकत पुढे जातो. आवाज कुठे पोकळ येतोय?” मग, “कडीला हात न लावता चौकटीच्या फटीतून बघतो.” अख्खी दुनिया डोक्यात घेऊन समोर बसलेला डंजन मास्टर, म्हणजे डीएम, दिसेल तेवढं सांगायचा, त्यातून पुढचा प्रश्न निघायचा. पुढच्याच वर्षी ‘ग्रेहॉक’ नावाच्या पुरवणीतून चोर हे पात्र आलं आणि येताना सापळे निकामी करण्याची टक्केवारी घेऊन आलं. झालं, बाकीच्यांनी काठ्या खाली ठेवल्या. चोर आहे ना, तो बघेल! २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत हेच संभाषण “सर्च करते, ट्वेंटी घेते” एवढ्यावर आलं. घाई नसेल तर वीस बाजूंच्या फाशावर वीसच पडले असं धरायचं आणि पाच फुटी चौकोनामागे खेळातली दोन मिनिटं खर्ची टाकायची. २००८च्या चौथ्या आवृत्तीपासून तर विचारायचंही कारण उरलं नाही. प्रत्येक पात्राच्या कागदावर नजरेचा एक ठरलेला आकडा असतो. डीएमने तो बघायचा आणि आपणहून सांगायचं, “कडीत तुला बारीकशी सुई दिसते.”

दार तेच, सुई तीच. टेबलावरचं बोलणं मात्र चारही वेळा निराळं.

मी पुण्यात बरीच वर्षं डीएम करते. आवृत्त्यांवरून लोक एकमेकांच्या उरावर का बसतात याचं मला पूर्वी नवल वाटायचं, कारण वाद कायम आकड्यांवरून चाललेला दिसायचा. आता वाटतं की आकडे निमित्त आहेत. नियम बदलला की रविवारी दुपारी पाच माणसं एकमेकांशी काय बोलणार हे बदलतं, आणि ज्याला आपल्या टेबलावरचं बोलणं प्यारं आहे तो बिथरतो. नवा नियम वाचताना मी एवढंच बघते: हा वाचून झाल्यावर माझा खेळाडू तोंड उघडून काय म्हणेल?

माझी सुरुवात २००३ सालच्या साडेतीनवर झाली. हो, आवृत्तीचं नाव खरोखरच ‘साडेतीन’ आहे. तिसरी येऊन तीन वर्षं होतात न होतात तोच दुरुस्त पुस्तकं आली, आणि आधीची विकत घेतलेल्यांनी खेळ छापणाऱ्या कंपनीच्या नावाने बोटं मोडली. आम्ही हॉस्टेलवर राहणारी मुलं, त्यामुळे ते दुःख आमच्या वाट्याला आलं नाही. आमच्याकडे पुस्तकंच नव्हती. पण कंपनीने नियमांचा मुख्य भाग खुल्या परवान्याखाली फुकट ठेवला होता. तो उतरवून, झेरॉक्स काढून, स्पायरल बाइंडिंग करून आम्ही खेळलो. गंमत म्हणजे त्या फुकट भागातून दोन गोष्टी मुद्दाम वगळल्या होत्या: नवं पात्र कसं घडवायचं आणि अनुभवाचे गुण कसे द्यायचे. त्या आम्ही आमच्या ठरवल्या. पुढे मूळ पुस्तक हाती पडलं तेव्हा त्यातली पद्धत आम्हाला चुकीची वाटली.

म्हणजे गल्ली क्रिकेटच. एक टप्पा आउट आमच्या वाड्यात होता, शेजारच्यात नव्हता, आणि दोन वाड्यांची मॅच लागली की पहिला अर्धा तास भांडणात जायचा. फरक इतकाच की गल्लीला नवे नियम विकणारी कंपनी नसते.

या भांडणाचं मूळ थेट जन्मदात्यांपर्यंत जातं. गॅरी गायगॅक्स विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाचा, डेव्ह आर्नेसन शेजारच्या मिनेसोटाचा. आर्नेसनचा भर टेबलावर सुचेल तसं पुढे नेण्यावर, गायगॅक्सचा लिहून ठेवण्यावर. १९७७पासून गायगॅक्सने ‘अॅडव्हान्स्ड’ ही वेगळी, जाडजूड मालिका सुरू केली. तिच्या मानधनावरून आर्नेसन कोर्टात गेला आणि १९८१मध्ये तडजोड झाली. १९८९ची दुसरी आवृत्ती आली तेव्हा गायगॅक्स स्वतःच त्या वेळच्या कंपनीबाहेर होता. तिच्यातून मारेकरी हे पात्र गेलं, अर्धे-ऑर्क गेले, आणि सैतानपूजेच्या संशयाने हवालदिल झालेल्या अमेरिकन आईबापांना नको म्हणून ‘डीमन’ आणि ‘डेव्हिल’ हे शब्दही गेले. राक्षस तेच, नावं तेवढी उच्चारायला अवघड.

पण या सगळ्या लुटुपुटीच्या चकमकी. खरं महायुद्ध २००८चं.

चौथ्या आवृत्तीची घोषणा झाली आणि पहिलं पुस्तक उघडलं तर त्यात बुटका नोम नाही, भाट नाही, ड्रुइड नाही, मंक नाही. पुढच्या पुस्तकांत येतील म्हणे. वर्षानुवर्षं एकच नोम खेळणाऱ्याने काय करावं? पण नोम हे वरवरचं गाऱ्हाणं होतं. दुखणं आत होतं. आतापर्यंत योद्धा “तलवार चालवतो” म्हणायचा आणि जादूगार मंत्रांची यादी बाळगायचा. आता सगळ्यांनाच याद्या मिळाल्या: काही डाव कधीही वापरता येणारे, काही एका लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. सातव्या पातळीच्या योद्ध्याला ‘कम अँड गेट इट’ नावाचा डाव मिळायचा. तो वापरला की तीन चौकोनांच्या आतले सगळे शत्रू खेचल्यासारखे त्याच्या पुढ्यात येऊन उभे राहत आणि तो त्यांना झोडपत असे. छान. पण का आले? लांबून बाण मारणारा भेकड गॉब्लिन तलवारीच्या टप्प्यात कशाला येईल? योद्ध्याने त्याला शिवी दिली असेल, बरं. मग ही शिवी दिवसभरात हव्या त्या वेळी का देता येत नाही? पुढे कंपनीने तो डाव बदलला आणि शत्रूच्या मनोबलाविरुद्ध फासा टाकायला लावला. त्यावरही भांडण झालं.

दुसरा वाद ‘वॉरलॉर्ड’चा. हा सेनानी ओरडून साथीदारांना धीर देतो आणि घाव बसून कमी झालेले त्यांच्या जीवाचे गुण भरून येतात. विरोधक म्हणाले, तुटलेला हात आता आरोळीने चिकटणार का? समर्थकांनी थेट गायगॅक्सचं १९७९चं पुस्तक काढलं. त्यात त्यानेच लिहून ठेवलंय की जीवाचे हे गुण म्हणजे नुसतं रक्तमांस नव्हे, बराचसा भाग कौशल्याचा, नशिबाचा, दैवी कृपेचा. शास्त्रार्थात समर्थक जिंकले, पण त्याने कोणाचंच समाधान झालं नाही. आमच्या टेबलावरचा एक गडी व्यवसायाने वकील आहे. तो म्हणाला, “ताई, केस त्यांच्या बाजूने आहे, पण ज्यूरी उठून गेलीये.”

गेली ती ‘पाथफाइंडर’कडे. पायझो ही कंपनी या खेळाची दोन अधिकृत मासिकं चालवायची. २००७मध्ये तो करार संपला. साडेतीनचे नियम खुल्या परवान्यावर होतेच. पायझोने ते घेतले, डागडुजी केली आणि ऑगस्ट २००९मध्ये नव्या नावाने बाजारात आणले. लोक त्याला ‘पावणेचार’ म्हणायचे. मूळ खेळ सोडून त्याच्या आदल्या आवृत्तीच्या वंशजाकडे माणसं झुंडीने गेली.

माझं मत विचाराल तर चौथी आवृत्ती उत्तम बांधलेली होती. डीएमच्या दृष्टीने तर इतकं सोपं काही त्याआधी नव्हतं. एका फटक्यात मरणारे किरकोळ शत्रू, कुठल्या राक्षसाने काय काम करायचं हे स्पष्ट, लढाईची तयारी अर्ध्या तासात. पण मी ऐकत होते. “मी झुंबराला लोंबकळून त्याच्या छातीत लाथ घालतो” हे वाक्य आमच्याकडे कमी होत गेलं आणि त्या जागी डावाचं नाव यायला लागलं. एवढ्यावर मी त्या आवृत्तीला फाशी दिली असती. पण टेबलाच्या कोपऱ्यात एक मुलगी बसायची. साडेतीनमध्ये ती “मी मारते” याच्यापलीकडे बोलायची नाही, कारण झुंबराला लोंबकळायला एक प्रकारचा उद्धटपणा लागतो आणि तो तिच्यात नव्हता. चौथीत तिच्या हातात नावं आली. आधी ती नुसतं नाव वाचायची. मग नाव वाचून एक वाक्य जोडायला लागली. मग ओरडायला लागली! वॉरलॉर्ड तिचाच होता. मोकळं मैदान सगळ्यांनाच मोकळं नसतं हे जुन्या काठीवाल्यांना, म्हणजे मलाही, पटायला जड जातं. ज्याला बोलता येतं त्यालाच ते मैदान मोठं वाटतं.

पाचवी आवृत्ती तहासाठी आली. दोन वर्षांची जाहीर चाचणी, पावणेदोन लाखांहून अधिक लोकांची नोंदणी, आणि २०१४मध्ये असं पुस्तक की ज्यात प्रत्येकाला आपल्या आजोबांचा फोटो सापडावा. चौथीचं नावही कोणी काढत नव्हतं. माल मात्र तिथलाच होता: नजरेचा ठरलेला आकडा तसाच राहिला, आणि विश्रांती घेऊन आपणच आपला जीव भरून काढायची सोय वेगळ्या नावाने आली. २०२४च्या नव्या पुस्तकात तर अर्धा जीव गेला की ‘ब्लडीड’ ही चौथीतली संज्ञाच परतली. ज्या गोष्टींवरून मैत्र्या तुटल्या त्या वेषांतर करून आल्या, आणि ज्यांनी तोंड फिरवलं होतं त्यांनीच त्यांना पाट मांडला.

मध्ये जानेवारी २०२३चा तमाशा झाला. कंपनी जुना खुला परवाना मोडीत काढणार अशी मसुद्यासकट बातमी फुटली. हा एकच वाद असा की ज्यात सगळ्या आवृत्त्यांची माणसं एका बाजूला उभी होती. महिनाअखेरीस कंपनीने माघार घेतली आणि पाचवीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळे केले. स्पायरल बाइंडिंगवर वाढलेल्या आम्हाला तो विजय घरचा वाटला.

जुनी पुस्तकं जळत नाहीत, तर मग एवढा त्रागा कशाला, असं बाहेरचे विचारतात. पुस्तक कपाटात राहतं, खरंय. पण हा खेळ एकट्याने होत नाही. नवीन येणारा मुलगा दुकानात असेल तेच पुस्तक वाचून येतो. मी साडेतीनवरच अडून बसले, तर चार लग्नं, दोन परदेशातल्या नोकऱ्या आणि एक बाळंतपण यानंतर माझं टेबल रिकामं. जुन्या आवृत्तीचा माणूस खरंतर खेळगड्यांसाठी भांडत असतो. कंपनीने सोबती पळवले, ही त्याची तक्रार आहे.

सध्या आमच्याकडे पॅलाडिन या धर्मयोद्ध्यावरून पेटलंय. २०१४मध्ये त्याचा घाव बसला, फासा बघितला, आणि मग दैवी प्रहार जोडायचा की नाही ते ठरवता यायचं. एकाच पाळीत दोनदाही. २०२४मध्ये तो प्रहार मंत्र झाला. पाळीतली एक जादा कृती, म्हणजे ‘बोनस अॅक्शन’, खर्चून एकदाच, वर समोरचा जादूगार तो हाणून पाडू शकतो. हिशेबाने बदल रास्त आहे, कारण पॅलाडिन बाकीच्यांची लढाई खाऊन टाकायचा. पण माझा पॅलाडिनवाला फाशावर वीस पडल्यावर खुर्चीतून उठायचा, आणि पाचही जण एकत्र ओरडायचे. आता तो बसल्या बसल्या विचारतो, “बोनस अॅक्शन शिल्लक आहे का माझी?” मी त्याला जुनाच पॅलाडिन ठेवू दिला आहे, पण पाळीत एकदाच या अटीवर. वकिलाने लेखी आक्षेप नोंदवला. अर्ध-एल्फ नव्या पुस्तकात वगळलाय. आमचा मात्र आहे तिथेच आहे, त्याला घराबाहेर काढायला मी कोण?

रेंजर या पात्राचं मात्र काही ठरत नाही. त्याच्या बाबतीत दोन्ही पक्षांचं एकमत आहे: दोन्ही पुस्तकांनी त्याची वाट लावलीये.