जुना तानपुरा

शाळेच्या प्रार्थनेसाठी आम्ही दुबलगुंडीतल्याच एका भजनी बुवांचा मिरजेचा जुना तानपुरा विकत घेतला. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. भाव ठरला, पैसे मोजून झाले. तेव्हा बुवांनी स्वतःहून भोपळ्याला गेलेली बारीक चीर दाखवली आणि पाचशे रुपये परत केले. तानपुऱ्याचा नाद भोपळ्यातच घुमतो, आणि चीर आम्हाला दिसलीही नव्हती!

आता शाळेची जुनी पेटी विकायची आहे. तिच्या भात्यातून हवा जाते. खरे सांगतो, आम्ही ते बोलणार नव्हतो. आता फळ्यावर पेटीच्या किमतीआधी तेच लिहिले आहे. पैसे कमी आले तरी चालतील.