फंडासाठी नाटक

टहरौली, श्रावण. बुंदेलखंडात हे दिवस आल्हाची वीरगीतं ऐकायचे. पण डोक्यात सकाळपासून ‘संयुक्त मानापमान’ हा नाट्यप्रयोग घोळतोय. (झाशीच्या मुलखात बसून नाटकं आठवावीत हे तसं रीतीला धरूनच, इथल्या राजे गंगाधररावांना नाटकाचं वेडच होतं.) ८ जुलै १९२१, मुंबईचं बालीवाला थिएटर. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन चढाओढीच्या नाटक मंडळ्या एकत्र आलेल्या. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. फंडाला पैसा मिळाला खरा. पण कोण सरस गातो हे बघायलाच निम्मं थिएटर भरलं असणार! असेना. मदतीच्या मैफलीला माणूस आधी गाण्यासाठीच यावा, दयेपोटी आलेला श्रोता घड्याळ बघत बसतो. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले, अवघ्या ३१व्या वर्षी.