तुटलेली कड

युद्धात उद्ध्वस्त झालेला राजवाडा पुन्हा सजवायचा म्हटलं की लोक आधी नकाशे आणि फोटो शोधतात. मी लाकडावर सोन्याचा वर्ख चढवणारा माणूस. मी तुकडा मागतो. जळका, टवके उडालेला, कसाही चालेल. फक्त त्याची तुटलेली कड कुणी घासून साफ केलेली नसावी.

फोटोत सोनेरी पान दिसतं, पण त्याच्या शिरा लाकडात कोरल्या होत्या की लाकडावरच्या अस्तरात, हे दिसत नाही. अठराव्या शतकातल्या युरोपच्या उत्तम कामात नक्षी दोनदा कोरली जाई. आधी लाकडात आकार काढायचा. त्यावर खडू आणि सरसाचे हात एकावर एक द्यायचे. खाचा बुजतात, नक्षी सुजल्यासारखी दिसते. मग बारीक, टोक वळलेल्या हत्यारांनी त्याच खाचा अस्तरात पुन्हा उघडायच्या. पाकळीला धार येते ती इथे. त्यावर लाल मातीचा लेप, पाण्याचा हात, खारीच्या केसांच्या कुंचल्यानं टेकवलेला वर्ख आणि नेमक्या ओलीवर अकीकाची घोटाई. तुटलेल्या कडेवर हे सगळे थर ओळीनं उभे असतात. पांढरा किती जाड, लाल किती पातळ, हत्यार किती खोल गेलं, सगळं वाचता येतं.

वॉर्सॉच्या राजवाड्यात फिरताना हेच मनात होतं. १७ सप्टेंबर १९३९ ला जर्मन माऱ्यात तो पेटला. छप्पर गेलं, मोठ्या सभागृहाचं बाच्चारेल्लीनं रंगवलेलं छत कोसळलं. राजवाड्याचे संग्रहपाल काझिमिएश ब्रोक्ल त्याच दिवशी तिथे मारले गेले. पुढे जर्मनांनी भिंतींना सुरुंगासाठी भोकं पाडली. तरी राष्ट्रीय संग्रहालयाचे स्तानिस्वाव लोरेन्त्स आणि त्यांचे सहकारी दारं, भिंतींवरचे लाकडी तक्ते, शेकोट्यांच्या चौकटी, गिलाव्यातल्या नक्षीचे तुकडे काढून नेत राहिले. सुरुंग उडाले १९४४ मध्ये. पुन्हा बांधायचं ठरलं १९७१ मध्ये, आणि पैसा पोलंडमधल्या आणि जगभर पांगलेल्या पोलिश लोकांनी वर्गणीतून उभा केला. १९८४ मध्ये दालनं उघडली.

चित्र वाचवणं कुणालाही समजतं. पण इमारतच उडवली जाणार हे दिसत असताना गिलाव्याचं फूल जपून ठेवायचं, याला वेगळीच हिंमत लागते. राजवाड्याचं काम १९७१ मध्ये सुरू झालं असं मी मानत नाही. ते त्या हातांनी १९३९ मध्येच सुरू केलं होतं.

वाचलेले भाग आज नव्या कामात बसवलेले आहेत. नवं सोनं डोळ्यांवर येतं, अशी तक्रार कानावर येते. ते काजळी लावून मंद करावं, असंही कुणी सुचवतं. मला ते पटत नाही. अठराव्या शतकात स्तानिस्वाव आउगुस्त राजानं ही दालनं सजवून घेतली तेव्हा सोनं नवंच होतं. घोटलेल्या सोन्याशेजारी मुद्दाम न घोटलेलं ठेवायची रीत मेणबत्तीच्या हलत्या उजेडासाठी आहे. विजेच्या एकसारख्या प्रकाशात ते भडक वाटतं, तर दिवे बदलावेत.

सिंहासनामागच्या कापडावर चांदीच्या जरीनं भरलेले ८६ गरुड होते. जर्मनांनी ते ओरबाडून नेले. त्यातला एक कितीतरी वर्षांनी अमेरिकेत सापडला, परत आला आणि त्याच्या आधारानं बाकीचे नव्यानं भरले गेले. मी भरतकाम करणारा नाही. तरी तिथे उभा असताना, त्या एका गरुडाची मागची बाजू, जिथे टाके वळतात आणि गाठी बसतात ती, कुणी उलटून दाखवावी असं फार वाटत होतं.