फाटलेला आवाज

११ फेब्रुवारी १९६३. लंडनच्या स्टुडिओत बीटल्सनी आपल्या पहिल्या अल्बमची दहा गाणी एका दिवसात रेकॉर्ड केली. जॉन लेननला सर्दी झालेली. म्हणून घसा फाडणारं ‘ट्विस्ट अँड शाउट’ शेवटी ठेवलं. पहिलाच टेक अल्बममध्ये गेला. ही हिंमत हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्र-रात्र वाजवून कमावलेली. मिरजेचे अब्दुल करीम खाँ तीनेक मिनिटांच्या तबकडीत राग मांडत, त्यामागेही आयुष्यभराचा रियाज.

इथे कसालला माझा मुलगा मिलादसाठी नातशरीफ मोबाईलवर रेकॉर्ड करतो. आवाज जरा फाटला की पुसतो. परवा म्हणाला, “अब्बा, मला नाही जमत.” मी त्याला लेननचा तो फाटलेला आवाज ऐकवला. म्हटलं, “मोबाईल ठेव बेटा. आधी मला समोर बसवून गा.”