भाचीचा प्रकल्प आणि माझी परीक्षा

गेल्या डिसेंबरात भाची पुण्याहून आली ती रंगीत कार्डांचा गठ्ठा घेऊनच. ती मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय स्वतः निवडून, माहिती स्वतः गोळा करून प्रकल्प लिहायचा होता. "खाला, तुमच्या शाळेतली सातवीची मुलं मला हवीत," ती म्हणाली.

प्रयोग साधा. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत छापायचा आणि मुलाला विचारायचे, शाईचा रंग कोणता? डोळे शब्द वाचून टाकतात आणि जीभ अडखळते. जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकन संशोधकाने १९३५ मध्ये हे इंग्रजी शब्दांवर दाखवले. आपली मुले उर्दू शब्दांवर जास्त अडखळतात की मराठी, हे भाचीला पाहायचे होते. तिची परिकल्पना अशी, की घरी उर्दू, शाळेचे माध्यम उर्दू, म्हणून उर्दूत जास्त.

कार्डे करतानाच पहिली अडचण आली. 'लाल' दोन्हीकडे लालच. 'नीला' आणि 'निळा' यांत फरक तो केवढा! हिरव्याला उर्दू पुस्तकात 'सब्ज़', पण मुलांच्या तोंडी 'हरा'. एका शब्दावर आम्ही तासभर बोललो आणि मुलांच्या तोंडचा शब्द घेतला. वीस वर्षे दोन्ही भाषा शिकवते आहे, पण त्यांच्याकडे या बाजूने कधी पाहिले नव्हते.

मग पालकांची संमती. पत्र मराठीत तिने लिहिले, उर्दूत मी. 'मानसशास्त्र' शब्द वाचून एका मुलाची अम्मी धावत आली. "मॅडम, माझ्या पोराच्या डोक्यात काही बिघाड आहे का?" भाचीने तिला बसवले, कार्डे तिच्याच हातात दिली. ती स्वतः अडखळली, खळखळून हसली आणि सही केली. एका वडिलांनी मात्र नकार दिला. मी म्हणाले, "मी सांगते त्यांना, माझा शब्द मोडणार नाहीत." भाची म्हणाली, "म्हणूनच तुम्ही बोलू नका, खाला." २४ मुलांची २३ झाली.

निकाल आला आणि सांगण्यासारखा फरक निघालाच नाही. रात्री लॅपटॉपसमोर ती गप्प बसली होती. मी सहज बोलून गेले, "चार-पाच मुलांचे सेकंद थोडे वाढव. कोण तपासायला येणार आहे?"

बोलले आणि माझेच कान तापले. माझे बी.एड.चे कृतिसंशोधन आठवले. पूर्वचाचणी घेतली होती, उत्तरचाचणीला वेळ उरला नाही. गुण घरी बसून भरले. माझ्या वहीत सगळी मुले सुधारली, एकही मागे राहिले नाही. मला शाबासकी मिळाली. हे आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

मी तिलाही ते सांगितले. ती रागावली नाही. मानसशास्त्रातले प्रसिद्ध झालेले १०० अभ्यास संशोधकांनी पुन्हा करून पाहिले आणि त्याचा अहवाल २०१५ मध्ये आला, असे तिने सांगितले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत ठळक निष्कर्ष होते, पुन्हा केल्यावर तो जेमतेम ३६ टक्क्यांत निघाला. "सगळे मुद्दाम खोटं बोलले असं नाही, खाला. पण जे निघालं नाही ते कुणी सांगतच नाही. मग पुढचा माणूस त्याच खड्ड्यात पडतो."

तिने अहवालात लिहिले, परिकल्पनेला आधार मिळाला नाही. मुले फक्त २३, शाळा एकच. रोज दोन्ही लिप्या वाचण्याचा हा परिणाम असू शकेल, पण ते वेगळे तपासावे लागेल.

या वर्षी मी माझ्या वर्गात मराठी शब्दसंपत्तीसाठी एक नवी पद्धत दोन महिने वापरली. आधी चाचणी घेतली, नंतरही घेतली. गुण वाढले नाहीत. वहीत तसेच लिहिले आहे.