घराजवळची मीटिंग

दारू सोडायचं ठरवलं तेव्हा मी राहायला डोंबिवलीत होतो आणि मीटिंग निवडली दादरची. आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा एका शाळेत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे ए.ए.ची, मीटिंग भरते हे मला ठाऊक होतं. तरी तिकडे फिरकलो नाही. तिथे ओळखीचं कुणी भेटलं तर? ज्या गल्लीतून लोकांनी मला दोन्ही बाजूंनी धरून घरी पोचवलं होतं, त्याच गल्लीला मी दारू सोडतोय हे कळू नये, म्हणून मी लोकल पकडून दादर गाठत होतो. आज हे लिहितानाही छातीत दुखतं.

दादरच्या माणसांनी मला काही कमी केलं नाही. पण लांबची मीटिंग चुकवणं फार सोपं असतं. पाऊस, मेगाब्लॉक, साहेबांनी थांबवून घेतलं, काहीही पुरतं. शिवाय तलफ येते ती संध्याकाळी, घराच्या आसपास. तेव्हा फोनवर धीर देणारे होते, पण शेजारी येऊन बसेल असं जवळपास कुणीच नव्हतं. मीटिंगहून परतताना एकदा स्टेशनबाहेरच्या परमिट रूममध्ये शिरलो आणि पुन्हा पहिल्यासारखा पिऊ लागलो.

ए.ए.ची सुरुवात कशी झाली हे मी मीटिंगमध्ये बऱ्याचदा ऐकलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं. मे 1935. अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात न्यूयॉर्कचा बिल विल्सन धंद्याच्या कामासाठी आला होता. काम फसलं. दारू सोडून त्याला जेमतेम काही महिने झाले होते, आणि हॉटेलच्या बारमधून माणसांचे आवाज येत होते. त्याने गावातल्या चर्चना फोन लावायला सुरुवात केली. आपल्यासारखाच एखादा दारुडा त्याला बोलायला हवा होता, त्याच गावातला, ताबडतोब. ओळखीतून ओळख निघत दुसऱ्या दिवशी डॉ. बॉब स्मिथ भेटले. पंधरा मिनिटंच थांबेन म्हणून आलेले डॉक्टर कित्येक तास बोलत बसले. परक्या गावातला माणूस जवळचा दारुडा शोधत होता, आणि मी जवळचे टाळून लांब पळत होतो.

दुसरी चूक माझ्या कानांची. कुणी बोलायला लागलं की मी फरक शोधायचो. हा देशी पिणारा, मी नाही. याची नोकरी गेली, माझी आहे. याची बायको माहेरी गेली, माझी घरात आहे. नोकरी आणि बायको दोन्ही केवळ अजून टिकून होत्या, हे ध्यानात येत नव्हतं. ए.ए.मध्ये यायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. तिथे जात, पगार, हुद्दा कुणी विचारत नाही. ते सगळं मनात मीच विचारत होतो.

तिसरी चूक जिवावर बेतणारी होती. सकाळपासून पिणारा माणूस असूनही मी डॉक्टरला न विचारता एकदम पिणं थांबवलं. हात इतके थरथरले की चहाचा कप तोंडापर्यंत जाईना, मग झटका आला. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. मीटिंग हा यावरचा उपचार नव्हे. आधी डॉक्टर, गरज पडली तर दवाखान्यात भरती, आणि त्याच्या जोडीने मीटिंग.

दवाखान्यातून सुटल्यावर घराजवळच्या शाळेत गेलो. लहान मुलांचे बाक, गुडघे वर येत होते. फळ्यावर दुपारचं भागाकाराचं गणित तसंच होतं. ओळखीचं कुणी होतं का? होतं. कोण, ते सांगणार नाही. तिथे कोण येतं आणि काय बोलतं हे बाहेर काढायचं नाही, हा आमचा नियम. त्या माणसाने बाकावर सरकून जागा केली आणि चहाचा कप पुढे केला. खर्चासाठी डबा फिरला तेव्हा नवीन माणसाने काही टाकू नये म्हणून सांगितलं. पुढे एका रात्री तलफ अनावर झाली तेव्हा तो घरून चालत आला आणि आमच्या इमारतीच्या जिन्यात माझ्याजवळ बसून राहिला. दादरहून हे कुणाला जमलं असतं?

बायकोला या सगळ्यापासून दूर ठेवलं, हेही चुकलंच. दारुड्यांच्या घरच्यांसाठी 1951 पासून ॲल-ॲनॉन आहे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात, जे डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली सुरू केलं, पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालतो. माझ्या पिण्याने ती किती आजारी पडली होती हे तिला बोलायला जागा मिळाल्यावर मला समजलं.

आता कुणाचा फोन आला की मी आधी विचारतो, सकाळी उठल्या उठल्या लागते का? लागत असेल तर आधी डॉक्टरकडे पाठवतो. मग विचारतो, राहता कुठे? जवळची मीटिंग माहीत नसेल तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446 वर विचारता येतं, सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही विचारता येतं. आणि तिथे ओळखीचे लोक असतील म्हणून कुणी कचरला, तर पहिल्या दिवशी मी त्याच्यासोबत जातो.